पेठ कशावर जगते?

एखाद्या गावाची पेठ मंदावू लागली, गाळ्यांना कुलुपे दिसू लागली, की गावकऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की चार चांगली दुकाने आणि दोन बरी हॉटेले गावात आणली तर पेठ पुन्हा गजबजेल का. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावाला हा प्रश्न विशेष लागू पडतो. कारण कळसूबाई, भंडारदरा, रतनगड आणि हरिश्चंद्रगड या ठिकाणांकडे दर पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते, आणि त्याच डोंगररांगांतील पाड्यांचे बाजारगाव म्हणून राजूरची जुनी ओळख आहे. आसपास एवढी माणसे वावरत असताना त्यांच्या खिशातील पैसा पेठेच्या गल्ल्यात किती पडतो आणि तो अधिक पडावा यासाठी काय करावे लागते, हे समजून घेण्यासाठी आधी एक दुकान कशावर चालते येथून सुरुवात करावी लागते.

१. किमान गिऱ्हाइकी आणि पल्ला

प्रत्येक दुकानाला तग धरण्यासाठी काही किमान गिऱ्हाईक लागते, आणि प्रत्येक वस्तूसाठी माणूस ठरावीक अंतरापर्यंतच चालून किंवा गाडीने जायला तयार असतो. यांतील पहिल्या गोष्टीला किमान गिऱ्हाइकी आणि दुसरीला पल्ला म्हणता येईल. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील गावांच्या अभ्यासातून याच दोन कल्पनांवर आपला सिद्धान्त उभा केला. मीठ-मिरची, काडेपेटी आणि चहापत्तीचा पल्ला लहान असतो, पण ती रोज लागत असल्याने थोड्या घरांवरही त्यांचे दुकान चालते, म्हणून ते पाड्यापाड्यावर आढळते. उलट सोन्याचा पल्ला मोठा असला तरी ते वर्षातून एखाद्याच वेळी घेतले जात असल्याने सराफाला कित्येक गावांचे गिऱ्हाईक एकत्र व्हावे लागते. पाड्यावर किराणा, बाजारगावात कापड आणि तालुक्याला सराफ अशी जी उतरंड दिसते, तिच्यामागे हे साधे कारण आहे.

आठवडे बाजाराचे कोडेही याच कल्पनेने सुटते. ज्या मालाला एका गावात आठवडाभर पुरेसे गिऱ्हाईक मिळत नाही, त्या मालाचा व्यापारी आज या गावी, उद्या त्या गावी पाल ठोकतो आणि सहा गावांचे गिऱ्हाईक जोडून आपली किमान गिऱ्हाइकी पुरी करतो. म्हणजे गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोहोचत नसेल तर दुकानच गिऱ्हाइकापर्यंत चालत जाते. आठवडे बाजाराला मागासपणाची खूण समजण्याची जी पद्धत आहे, ती त्यामुळे चुकीची ठरते. विरळ वस्तीच्या मुलखात व्यापार जिवंत ठेवण्याची ती अत्यंत हुशार रीत आहे.

किमान गिऱ्हाइकीचा हिशेब एका खानावळीच्या उदाहरणाने करून पाहता येतो. समजा, गाळ्याचे भाडे महिना ६,००० रुपये, दोन मदतनिसांची मजुरी १६,००० रुपये, वीज-पाणी २,००० रुपये आणि मालकाला घरी न्यायला १६,००० रुपये लागतात, म्हणजे एकूण ४०,००० रुपये झाले. १०० रुपयांच्या एका ताटामागे शिधा आणि गॅस यांत ६५ रुपये गेले तर हाती ३५ रुपये उरतात, आणि ४०,००० रुपये उभे करण्यासाठी महिन्याला सुमारे १,१४३ ताटे, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने रोज ४४ ताटे खपावी लागतात. खानावळीचा फलक किती आकर्षक आहे, भिंतींचा रंग कोणता आहे, हे सारे प्रश्न या ४४ च्या नंतर येतात. आकडे उदाहरणापुरतेच आहेत, पण कोणत्याही धंद्यात पाऊल टाकण्यापूर्वी असा ताळेबंद कागदावर मांडला गेला, तर दुसऱ्याच वर्षी बंद पडणाऱ्या दुकानांची संख्या बरीच घटेल.

२. राजूर नेमकी कोणाची पेठ?

दोन बाजारगावांच्या मध्ये राहणारा माणूस कोणत्या गावी खरेदीला जाईल, याविषयी अमेरिकेतील विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये एक नियम मांडला. त्यानुसार गावाची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजेच अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाईवर येते. समजा, लहान गावापासून २४ किलोमीटरवर त्याच्या चौपट लोकसंख्येचे मोठे गाव आहे. लहान गावापासून ८ आणि मोठ्यापासून १६ किलोमीटरवर असलेल्या वस्तीला मोठे गाव दुप्पट अंतरावर पडते, त्यामुळे त्याची चौपट ओढ चौथाई होऊन लहान गावाच्या ओढीइतकीच राहते. ही दोन्ही पेठांची हद्द झाली. मोटारसायकल घरोघरी आली, मोठ्या गावाकडचा रस्ता डांबरी झाला, की किलोमीटर तेवढेच राहतात, पण वेळेचे अंतर आक्रसते आणि हद्द लहान गावाच्या बाजूला सरकते. चांगला रस्ता गावात माणसे आणतो तसा गावातली माणसे बाहेरही नेतो, ही गोष्ट रस्त्याच्या उद्‌घाटनाच्या भाषणात सहसा येत नाही.

राजूरच्या बाबतीत हा नियम दोन्ही बाजूंनी काम करतो. पूर्वेला अकोले आणि त्यापलीकडे संगमनेर या मोठ्या बाजारपेठांची ओढ आहे, उत्तरेकडच्या बारी-वारंघुशी या बाजूला नाशिक जिल्ह्यातील घोटीची ओढ जाणवते. पश्चिमेला मात्र सह्याद्रीची भिंत उभी असल्याने त्या अंगाच्या अनेक पाड्यांना राजूर हेच जवळचे मोठे गाव ठरते. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या पट्ट्यासाठी शासनाचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय राजूरलाच आहे. दाखला, योजनेचा अर्ज, वसतिगृहाचा प्रवेश किंवा बँकेचे काम यांसाठी येणारा माणूस, तसेच सत्यनिकेतन संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत शिकणारी मुले, ही पेठेची बारमाही गिऱ्हाइकी होय. हा माणूस कामासाठी आलेला असतो, खरेदीसाठी नव्हे. पण काम होईपर्यंत त्याला थांबावे लागते, भूक लागते, झेरॉक्स काढावी लागते, आणि परतीची एसटी यायला तासभर अवकाश असला तर तो बाजारही करतो. पेठेच्या भाषेत असे कार्यालय म्हणजे खांब होय, ज्याच्या आधाराने लहान दुकानांचे मांडव उभे राहतात. म्हणून असे कार्यालय, बसस्थानक किंवा दवाखाना जागेच्या सोयीसाठी गावाबाहेर हलवण्याचा विचार कोठेही निघाला, तर त्याचा परिणाम पेठेवर काय होईल हे आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

पर्यटकांचे गणित याहून वेगळे आहे. मुंबई आणि नाशिककडून भंडारदऱ्याला येणारी गाडी घोटीहून बारीमार्गे थेट तेथील शेंडी गावात उतरते, तिला राजूर लागतच नाही. पुणे-संगमनेरकडून येणारी गाडी अकोले, राजूर, रंधा धबधबा अशी जाते, तर हरिश्चंद्रगडासाठी पाचनईला जाणाऱ्या गिर्यारोहकांनाही राजूरहून वाट आहे. भंडारदऱ्याची सगळी गर्दी ही राजूरची गिऱ्हाइकी समजून कोणी हॉटेल काढले, तर त्याचा हिशेब पहिल्याच पावसाळ्यात चुकण्याचा संभव आहे. त्या गर्दीतला एकच हिस्सा राजूरवरून जातो, आणि तोही धबधबा पाहण्याच्या घाईत असतो.

३. दुकानाला दुकानाचा शेजार

एकाच मालाची दुकाने शेजारी शेजारी असली तर ती एकमेकांचे गिऱ्हाईक खातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साड्यांची आणि बोहरी आळीत लोखंडी सामानाची दुकाने ओळीने आहेत, कारण जो माल पाहून, तुलना करून घ्यायचा असतो त्याच्यासाठी गिऱ्हाईक अशाच ठिकाणी जाते जेथे एका दुकानात मन भरले नाही तर पुढचे दुकान दहा पावलांवर असेल. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले, की एका लांब रस्त्यावरील दोन विक्रेते गिऱ्हाईक खेचण्याच्या चढाओढीत सरकत सरकत मधोमध एकमेकांना येऊन टेकतात. मात्र चहासारख्या वस्तूला तुलनेची गरज नसते. बसस्थानकासमोर चहाच्या पाच टपऱ्या झाल्या म्हणून चहा पिणारे वाढत नाहीत, फक्त प्रत्येक टपरीची उकळी कमी होते. पेठेत नवे दुकान आणताना म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की हा माल तुलनेचा आहे की सवयीचा.

राजूरचे पेढे या दृष्टीने विचार करण्याजोगे आहेत. अकोले तालुक्यात आणि बाहेरही ज्याचे नाव गावाच्या नावासह घेतले जाते असा पदार्थ गावाजवळ असणे ही मोठी शिल्लक आहे, कारण साताऱ्याच्या कंदी पेढ्याप्रमाणे किंवा लोणावळ्याच्या चिक्कीप्रमाणे तो गाडी थांबवण्याचे कारण ठरू शकतो. चिक्की लोणावळ्याखेरीज अन्यत्रही मिळते. पण लोणावळ्याला गेलो आणि चिक्की आणली नाही तर घरचे विचारतात, आणि हे विचारणेच त्या पेठेचे भांडवल आहे. पेढ्यासाठी थांबलेली गाडी शेजारी स्वच्छ जागा, नागलीच्या पापडांची थैली किंवा काळभाताची पिशवी दिसली तर आणखी दहा मिनिटे रेंगाळते. पेढा एकटा विकला गेला तर धंदा एका दुकानाचा होतो. शेजार असला तर तो पेठेचा होतो.

४. कौल, इस्तावा आणि ग्रामसभा

ओस जागेवर दुकानदार आणून वसवणे ही कल्पना परदेशातून आलेली आहे, असे मानण्याचे कारण नाही. मराठी मुलखात पेठ वसवण्याची पक्की रीत होती. पुण्यातील शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाले यांनी १७३४ च्या सुमारास वसवली, आणि पेशवाईत अशाच रीतीने पुण्याभोवती एकामागून एक पेठा उभ्या राहिल्या. नव्या पेठेत येणाऱ्या उदम्यांना सरकार कौल देत असे, म्हणजे ठरावीक वर्षे कर माफ राहतील किंवा कमी राहतील असे लेखी अभयपत्र मिळे. पेठेची व्यवस्था पाहण्यासाठी शेटे आणि महाजन हे वतनदार असत. व्यापाऱ्यांना आणून बसवणे, जागा नेमून देणे, वजनमापांवर आणि तंट्यांवर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे. पडीक जमीन लागवडीस आणताना याच धर्तीवर इस्तावा दिला जाई. पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे दर वर्षी चढत जाऊन काही वर्षांनी पुरा होणारा सारा, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

इस्ताव्याची कल्पना आजच्या बंद गाळ्याला जशीच्या तशी लावता येते. समजा, गाळ्याचे पुरे भाडे महिना ६,००० रुपये आहे आणि मालकाने नव्या दुकानदाराला पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी ४,००० आणि तिसऱ्या वर्षी पुरे ६,००० असा करार करून दिला. तीन वर्षांत त्याच्या हाती २४,०००, ४८,००० आणि ७२,००० मिळून १,४४,००० रुपये येतात. पुऱ्या भाड्याचाच हट्ट धरून गाळा दोन वर्षे कुलपात राहिला आणि तिसऱ्या वर्षी भाडेकरू मिळाला, तर त्याच तीन वर्षांत ७२,००० रुपये येतात, आणि मधल्या काळात बंद शटरमुळे शेजाऱ्यांचे गिऱ्हाईक घटते ते वेगळेच. नवे दुकान सहसा पहिल्या वर्षातच दम तोडते, कारण ओळख व्हायला वेळ लागतो आणि भाडे मात्र पहिल्या तारखेपासून पुरे असते. इस्तावा नेमका तेवढाच काळ सांभाळून घेतो.

शेटे-महाजन आज उरले नाहीत, पण राजूरसारख्या गावात त्यांच्या जागी कायद्याने एक मोठी संस्था बसवली आहे. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठी संसदेने १९९६ मध्ये केलेला कायदा, जो पेसा या नावाने ओळखला जातो, त्यात गावातील बाजारांचे व्यवस्थापन ग्रामसभा आणि पंचायत यांच्या अधिकारकक्षेत आणण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये लागू केले. बाजार कोठे भरावा, पालांना किती जागा मिळावी, गाड्या कोठे उभ्या राहाव्यात, हे प्रश्न म्हणजे ग्रामसभेत बसून सोडवायची कामे आहेत. त्याचबरोबर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६ आणि ३६-अ यांमुळे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कडक निर्बंध आहेत. बाहेरचा गुंतवणूकदार येत नाही म्हणून या कलमांकडे अडचण म्हणून पाहणारेही आहेत. परंतु पर्यटनाची हवा सुटलेल्या अनेक ठिकाणी मूळ गावकरी स्वतःच्याच जमिनीवर पहारेकरी झाले आहेत, हे लक्षात घेतले तर येथील पेठ इथल्याच लोकांनी, हळूहळू आणि लहान भांडवलावर वाढवणे हाच अधिक टिकाऊ मार्ग दिसतो.

५. पायी चालणाऱ्याचे मोल

गाडीतून जाणारा माणूस दुकान पाहतो, पायी जाणारा दुकानात शिरतो. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे प्रामुख्याने पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेने जावे लागते, त्यामुळे बहुतेक पाहुण्यांच्या वाटेवर बाजार येतोच, आणि तेथील चपला-चिक्कीची दुकाने या सक्तीच्या चालण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, स्ट्रॉयट हा मुख्य बाजाररस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद करण्यात आला तेव्हा व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती होती; पुढे तो रस्ता शहराचा सर्वांत गर्दीचा बाजार झाला. राजूरच्या मुख्य रस्त्यावरून एसटी जाते, त्यामुळे तेथे अशी बंदी शक्य नाही आणि तशी गरजही नाही. परंतु पेठेच्या तोंडाशी गाड्या लावायची मोकळी जागा, तेथून दुकानांपर्यंत पावसात न भिजता जाता येईल अशी पागोळ्यांखालची वाट आणि स्त्रियांना निःसंकोच वापरता येईल असे स्वच्छ स्वच्छतागृह, या तीन सोयी झाल्या तर त्यांतून वाढणारा धंदा कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक असेल. यांतील शेवटची सोय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. चार तासांच्या प्रवासाने आलेले कुटुंब कोठे थांबायचे हे जेवणाच्या यादीवरून ठरवत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते आणि बहुतेक हॉटेलमालकांना मात्र सांगावे लागते.

अमेरिकेत मोठमोठ्या विक्रीसंकुलांमुळे लहान गावांचे मुख्य रस्ते ओस पडू लागले, तेव्हा तेथील राष्ट्रीय वारसा-जतन संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावात पूर्ण वेळ पेठेचेच काम पाहणारा एक व्यवस्थापक नेमला. जुन्या इमारतींची दर्शनी बाजू नीट करणे, व्यापाऱ्यांना एकत्र आणणे, उत्सव भरवणे आणि रिकाम्या जागांसाठी योग्य दुकान शोधणे ही त्याची कामे. १९८० पासून हा कार्यक्रम देशभर पसरला. राजूरला त्या गावांचे अनुकरण करण्याचे कारण नाही, कारण येथील हवामान, कायदा आणि गिऱ्हाईक सारेच निराळे आहे. पण सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही या आपल्याकडील जुन्या दुखण्यावर एका पूर्णवेळ माणसाचा उतारा तेथे लागू पडला, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

६. मोसमी गर्दी आणि पैशाची गळती

पर्यटकांवर चालणाऱ्या हॉटेलाची खरी अडचण दिवसांच्या वाटपात आहे. मेअखेरीस काजवे चमकू लागले की पहिली गर्दी होते, मग घाटघर-रतनवाडीच्या धुवाधार पावसाचे तीन महिने आणि हिवाळ्यात गडकोटांवर जाणारे, एवढाच काय तो मोसम, आणि त्यातही भर शनिवार-रविवारवर असतो. वरच्या उदाहरणातील खानावळ फक्त महिन्याच्या आठ सुट्ट्यांवर चालवायची ठरवली, तर दर सुट्टीला १४३ ताटे वाढावी लागतील, आणि दोन मदतनिसांच्या स्वयंपाकघरातून ते होणार नाही. त्याऐवजी उरलेल्या १८ दिवसांत कार्यालयात आलेले लोक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामुळे रोज २५ ताटे खपली, तर ४५० ताटे तेथेच झाली आणि सुट्टीच्या दिवशी ८७ पुरतात. म्हणून राजूरच्या हॉटेलाने सोमवारच्या गिऱ्हाइकाला परवडेल अशी थाळी आधी ठरवावी आणि रविवारच्या पाहुण्यासाठी त्यात भर घालावी. उलट क्रमाने गेले तर सोमवार रिकामा जातो आणि पगार मात्र सोमवारचाही द्यावा लागतो.

गल्ल्यात आलेला पैसा गावात किती राहतो, हा त्यापुढचा प्रश्न आहे. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि ते खालच्या अंगाची शेते आणि ऊसमळे भिजवते, ज्या डोंगरांवर पाऊस पडतो तेथे मात्र उन्हाळ्यात पाड्यांवर हंडे फिरतात. पर्यटनाच्या पैशाची चालही अशीच असते. हॉटेलात १०० रुपये आले, पण तांदूळ, डाळ, तेल, पनीर आणि पाण्याच्या बाटल्या बाहेरून आल्या, तर त्यांतले बहुतेक रुपये त्याच संध्याकाळी माल आणणाऱ्या टेंपोतून खाली जातात. याला गळती म्हणतात. ताटातला भात काळभाताचा किंवा जिरवेलचा, भाकरी नागलीची, चटणी खुरासणीची आणि पावसाळ्यात भाजी रानातली असली, तर तेच रुपये आणखी एक-दोन हात फिरून मग बाहेर जातात. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे जपले आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे या वाणांची गोष्ट पाहुण्यांना नवीन सांगावी लागत नाही, ती त्यांनी आधीच ऐकलेली असते. ही थाळी मात्र पाहुण्याला कौतुकाची आणि गावच्या माणसाला घरच्यासारखी वाटेल इतक्या साधेपणाने वाढली गेली पाहिजे. पारंपरिक म्हणून चौपट दर लावला की सोमवारचे गिऱ्हाईक तुटते.

७. दुकान आणण्यापूर्वीची मोजणी

कोणते दुकान आणावे हे ठरवण्यासाठी मोठ्या सल्लागाराची गरज नसते. महाविद्यालयातील चार मुले, वही आणि पेन एवढ्यावर हे काम होते. एक साधा कामाचा दिवस, एक बाजाराचा दिवस, पावसाळ्यातील एक रविवार आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनाचा एक दिवस, जेव्हा लांबलांबचे शेतकरी बैल-गाई घेऊन गावात येतात, असे चार दिवस निवडावेत. पेठेच्या दोन्ही तोंडांशी उभे राहून दर तासाला किती माणसे गेली, त्यांतली किती थांबली, किती जणांच्या हाती पिशवी होती आणि किती गाड्या न थांबता पुढे गेल्या, याच्या रेघा ओढाव्यात. थांबलेल्यांचे प्रमाण मोठे आणि पिशव्या थोड्या असतील तर गिऱ्हाईक आहे, हवा तो माल नाही. गाड्या पुष्कळ आणि थांबणारे थोडे असतील तर दुकान आणण्याआधी जागा आणि स्वच्छतागृह यांची व्यवस्था करावी.

याच वहीत आणखी एक पान ठेवावे. संध्याकाळी अकोल्याहून येणारी एसटी राजूरच्या स्थानकावर लागली की उतरणाऱ्यांना त्यांच्या पिशवीत काय आहे ते हसतखेळत विचारावे आणि लिहून घ्यावे: शाळेचे बूट, चष्मा, पाइपाचे जोड, वाढदिवसाचा केक, मोबाइलची दुरुस्ती, रक्ताच्या तपासणीचा अहवाल. चार आठवड्यांनी ज्या वस्तूपुढे सर्वांत जास्त रेघा असतील, तिला राजूरमध्ये किमान गिऱ्हाइकी आधीपासूनच आहे, फक्त ती रोज एसटीचे तिकीट काढून दुसऱ्या गावी जाते.